नाशिकची शिराझ आणि तिच्या जोडीचे जेवण

नाशिक जिल्ह्यातल्या रेड वाइनमध्ये पहिले नाव शिराझचे घ्यावे लागते. कॅबर्ने सोव्हिन्यॉं, मर्लो, झिनफँडेल, तेम्प्रानियो हे वाण इथे लावून पाहिले गेले, त्यांतले काही टिकलेही. पण सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या उन्हाशी आणि मुरमाड जमिनीशी खरे सूत जुळले ते शिराझचे. गडद जांभळट रंग, पिकलेल्या काळ्या फळांचा वास, मऊ तुरटपणा, बेताचा आंबटपणा आणि घोट गिळल्यावर मागून येणारी मिरी-लवंगेची छटा, ही तिची ओळख. महाराष्ट्राच्या मसालेदार स्वयंपाकाबरोबर कोणती रेड वाइन चालेल, या प्रश्नाला सर्वांत समाधानकारक उत्तरही हीच देते. मात्र मसालेदार आणि तिखट यांत फरक केला तरच.

मुंबईहून निघालेला प्रवासी कसारा घाट चढून इगतपुरीला पोचतो तेव्हा तो सह्याद्रीच्या माथ्यावर असतो. इगतपुरीला वर्षाकाठी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि भात हे तिथले मुख्य पीक. पुढच्या पाऊण-एक तासाच्या रस्त्यात भातखाचरे मागे पडतात, जमीन सपाट होत जाते, आणि नाशिक शहराजवळ पाऊस इगतपुरीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येतो. निफाड-येवल्याकडे तो त्याहूनही कमी. डोंगराने पाऊस अडवून धरायचा, धरणांनी तो साठवायचा आणि कोरड्या पट्ट्याला ठिबकने थेंबथेंब द्यायचा, अशी ही व्यवस्था आहे. गोदावरीवरचे गंगापूर धरण नसते तर नाशिकच्या द्राक्षबागांचा आजचा विस्तार झाला नसता. त्यात शहराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर. जानेवारीत दुपारी ऊन चटकते आणि रात्री पारा 10 अंशांच्या खाली उतरतो; निफाडचा पारा तर दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांतून गाजतो. दिवस-रात्रीच्या तापमानातली ही दरी रेड वाइनच्या द्राक्षाला हवीच असते. दिवसाच्या उन्हात साखर भरते आणि थंड रात्रींमुळे सालीतला रंग व रसातला आंबटपणा टिकून राहतो.

नाशिक 20 अक्षांशाजवळ आहे. जगातले बहुतेक नामांकित वाइन-प्रदेश 30 ते 50 अक्षांशांच्या पट्ट्यात येतात. तिकडे बर्फाळ थंडीत वेल पाने गाळून झोपी जातो, वसंतात फुटतो आणि पावसाळी शरदाच्या तोंडावर द्राक्षे तोडली जातात. नाशिकच्या वेलाला अशी सक्तीची विश्रांती मिळत नाही. म्हणून बागाईतदार वर्षातून दोनदा कात्री चालवतो. तोडणी आटोपल्यावर, साधारण एप्रिलमध्ये, खरड छाटणी होते. तिच्यातून येणाऱ्या काड्या पावसाळाभर वाढून पक्व होतात आणि त्यांच्या डोळ्यांत पुढचा घड तयार होतो. पाऊस ओसरत आला की सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. पीक धरायचे ते तिच्यावर. यामुळे फ्रान्स-इटलीत वेल निष्पर्ण उभे असतात त्या जानेवारी-फेब्रुवारीत नाशिकला तोडणीचा हंगाम असतो. ही दोन छाटण्यांची पद्धत वाइन कंपन्यांनी आणलेली नाही. खाण्याच्या द्राक्षांसाठी महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी ती आधीच पक्की बसवली होती.

वाइनच्या द्राक्षाने मात्र या शेतकऱ्याला सवयी बदलायला लावल्या. निर्यातीच्या थॉमसन किंवा सोनाकाच्या बागेत सारा आटापिटा मणी टपोरा करण्याचा असतो. त्यासाठी विरळणी करायची, घड संजीवकाच्या द्रावणात बुडवायचे, एकसारख्या मापाचे मणी मिळवायचे. शिराझचा मणी लहान, बियांचा आणि जाड सालीचा असतो, आणि तो लहानच राहावा अशी वाइनरीची इच्छा असते. रेड वाइनचा रंग, तुरटपणा आणि बराचसा वास सालीतून येतो. मणी फुगला की रस वाढतो, पण त्या मानाने साल अपुरी पडते. एकरी माल कमी ठेवायचा, पाणी हात राखून द्यायचे आणि भाव वजनाबरोबर साखरेवर ठरवायचा, हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या टनावर मोजणाऱ्या माणसाला सहजी पटण्यासारखा नव्हता. आजही जिल्ह्यात खाण्याच्या द्राक्षांपुढे वाइनच्या द्राक्षांचे क्षेत्र अगदी थोडे आहे. बाकी डाऊनी, भुरी यांसारखे रोग, ढगाळ हवा आणि अवकाळी पाऊस ही संकटे दोन्ही बागांना सारखीच. 2014च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने ऐन तोडणीच्या दिवसांत बागा झोडपल्या, त्या वेळी वाण कोणता हे गारांनी पाहिले नाही.

शिराझ मूळची फ्रान्समधल्या ऱ्होन नदीच्या खोऱ्यातली. तिथे तिला सिरा म्हणतात. इराणातल्या शिराझ शहरातून ती युरोपात गेली अशी कथा बरीच सांगितली जाते, पण 1998 साली जनुकीय तपासणीने तिचे आईबाप शोधून काढले: द्युरेझा आणि मोंद्यूझ ब्लांश, दोन्ही आग्नेय फ्रान्सचेच वाण. ऑस्ट्रेलियाच्या उन्हात ती रुजली, भरभराटली आणि शिराझ या नावाने जगभर गेली. नाशिकला तिने नावही ऑस्ट्रेलियाचेच घेतले आणि स्वभावही बराचसा तिकडचाच. दख्खनच्या काळ्या भारी जमिनीत वेलाला जोम फार येतो, पाला माजतो आणि घडात दम राहत नाही. उताराची, निचऱ्याची, मुरूम वर आलेली जमीन तिला मानवते. अशा जमिनी दिंडोरीकडे आणि धरणांच्या काठच्या टेकड्यांवर पुष्कळ आहेत. वेल बहुधा स्वतःच्या मुळांवर नसतो; डॉगरिजसारख्या पाण्याचा ताण आणि क्षार सोसणाऱ्या खुंटावर त्याचे कलम केलेले असते.

या भूमीला वाइन अगदी परकी होती असे म्हणता येत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत वाइन आहे आणि इटलीच्या वाइनला पसंती असल्याची नोंदही आहे. त्याच बंदराच्या बाजारपेठा म्हणून पैठण आणि तेर यांची नावे येतात. नेवाशाच्या उत्खननात वाइन वाहून आणणाऱ्या रोमन कुंभांचे तुकडे सापडले. पण ती आयात होती. इथल्या द्राक्षांची आधुनिक वाइन फार अलीकडची. 1980च्या दशकात शामराव चौगुले यांच्या शातो इंडाजने पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावी फ्रेंच तंत्राने फेसाळ वाइन बनवायला सुरुवात केली. नाशिकला वळण मिळाले ते कॅलिफोर्नियात नोकरी करून परतलेल्या राजीव सामंत यांच्यामुळे. गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर त्यांनी 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात वाइनची द्राक्षे लावली, केरी डॅम्स्की या कॅलिफोर्नियातल्या वाइनतज्ज्ञाला सोबत घेतले आणि 2000 साली सुला नावाने पहिल्या बाटल्या बाजारात आणल्या. सुरुवात व्हाइट वाइनची होती; रेड मागून आली. 2001 साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले, अबकारी करात सवलत दिली आणि निफाड तालुक्यात विंचूरला व सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क आखले. त्यानंतरच्या काही वर्षांत वाइनऱ्यांचे पेवच फुटले. सगळ्या तगल्या नाहीत. द्राक्ष पिकवता येणे आणि वाइन विकता येणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे अनेक उत्साही बागाईतदारांना महागात पडून कळले. पुढे ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळाले.

तोडणी पहाटे होते. पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून आलेल्या मजुरांच्या टोळ्या अंधार असतानाच कामाला लागतात, कारण ऊन चढल्यावर तोडलेला माल क्रेटमध्येच तापून फसफसू लागतो. वाइनरीत देठ वेगळे करून मणी फोडले जातात आणि रस सालींसकट स्टीलच्या टाक्यांत जातो. रेड आणि व्हाइट यांतला मुख्य फरक इथेच पडतो; व्हाइट वाइनमध्ये साल आधीच बाजूला काढलेली असते. आंबताना साली वायूच्या रेट्याने वर येऊन जाड थर धरतात. खालचा रस उपसून त्यांच्यावर पुन्हापुन्हा सोडावा लागतो, नाहीतर रंगही उतरत नाही आणि थरही बिघडतो. आठवडा-दोन आठवड्यांत साखरेचे अल्कोहोल होते, ते शिराझमध्ये साधारण 13 ते 14 टक्के भरते. उष्ण प्रदेशातल्या द्राक्षात आम्ल कमी पडते, म्हणून टार्टारिक आम्ल घालून तोल सांभाळण्याची रीत जगभरच्या गरम भागांत आहे, नाशिकलाही आहे. मग वरच्या दर्जाची वाइन ओक लाकडाच्या पिंपांत काही महिने मुरते. पिंपे परदेशातून येतात आणि आतून आगीवर शेकलेली असतात. फ्रेंच ओक लवंग-दालचिनीकडे झुकणारा वास देतो, अमेरिकन ओक व्हॅनिला आणि खोबऱ्याकडे झुकणारा. पर्यटकांना पिंपात उतरवून पायांनी द्राक्षे तुडवायला देतात तो खेळ फोटोपुरता. त्या रसाशी बाटलीतल्या वाइनचा काही संबंध नसतो.

वाइनच्या वाटेने फिरायला निघालेला बहुतेक माणूस नाशिक शहरातून गंगापूर रोडने पश्चिमेला जातो. धरणाच्या आसपास सुला, यॉर्क आणि सोमा या वाइनऱ्या जवळजवळ आहेत. यॉर्क 2021 पासून सुलाकडेच आहे. सुलाने 2005 साली इथे टेस्टिंग रूम उघडली, तेव्हा वाइनरी पाहायला म्हणून शहराबाहेर जाण्याची कल्पनाच महाराष्ट्राला नवी होती. आता शनिवार-रविवारी तिथे इतकी गर्दी होते की चव घेण्यापेक्षा रांगेतच वेळ जातो. वाइन समजून घ्यायची असेल तर मधला वार गाठावा आणि सकाळची फेरी घ्यावी. या भागात शिराझच्या रोजच्या पिण्यातल्या, पिंपात फारशा न मुरलेल्या बाटल्याही चाखायला मिळतात आणि सुलाच्या रासासारख्या वरच्या दर्जाच्याही. दोन्ही एकापाठोपाठ चाखल्या की पिंप नेमके काय करते ते पुस्तकाशिवाय कळते.

दिंडोरी नाशिक शहरापासून उत्तरेला सुमारे 25 किलोमीटरवर. वणीच्या सप्तशृंगीला जाणाऱ्यांचा हा नेहमीचा रस्ता. दुतर्फा द्राक्षमंडप आणि टोमॅटोचे प्लॉट, मागे सातमाळ्याची डोंगररांग. दिंडोरी रिझर्व्ह या शिराझने तालुक्याचे नाव बाटलीवर नेले. महाराष्ट्रातल्या एका तालुक्याचे नाव वाइनच्या चवीशी जोडले जाणे ही लहान गोष्ट नाही. नाशिकच्या शिराझचा नमुना म्हणून एकच बाटली सांगायची तर ही सांगावी. तिच्यापेक्षा बारीक नजरेने केलेल्या वाइन जिल्ह्यात आहेत, पण इथल्या उन्हाची आणि मातीची सरळ, मोकळी चव तिच्यात मिळते. पूर्वेला निफाड-विंचूरकडे वाइनपेक्षा खाण्याच्या द्राक्षांचे राज्य आहे आणि प्रवासी म्हणून तिकडे पाहण्यासारखे थोडे. उलट परतीच्या वाटेवर इगतपुरी तालुक्यात वळणे फायद्याचे. संजेगावला ग्रोव्हर झम्पा आणि मुकणे धरणाच्या काठी व्हॅलोन या वाइनऱ्या आहेत. इथली हवा थोडी गार आणि दमट आहे, गर्दी कमी आहे, आणि व्हॅलोनसारख्या लहान वाइनरीत बोलायला, विचारायला माणूस मोकळा सापडतो. चाखलेला घोट थुंकून टाकण्यासाठी ठेवलेले भांडे शोभेचे नसते. ज्याला पुढे गाडी चालवायची आहे त्याने ते वापरावे. महाराष्ट्रात वाइन पिण्यासाठी वयाची अट 21 वर्षांची आहे.

ग्लासात ओतलेली तरुण शिराझ मधोमध जवळजवळ काळी दिसते आणि कडेला जांभळी. वाइनरीतले माहितीपत्रक ब्लॅकबेरी, प्लम, कॅसिस अशी फळे सांगते. ज्याने ती खाल्लेली नाहीत त्याने जांभूळ, करवंद आणि तुती आठवावीत. जांभळात तर रंग, गोडी आणि जिभेला बसणारी तुरट मिठी, तिन्ही एकत्र आहेत. फळानंतर मसाला येतो. शिराझमधला काळ्या मिरीचा वास कल्पनेचा खेळ नाही. 2008 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्याला कारण असलेले रोटुंडोन हे द्रव्य वेगळे ओळखले, आणि तेच द्रव्य प्रत्यक्ष मिऱ्यांतही असते. शंभरांतल्या साधारण वीस माणसांना हा वास येतच नाही, त्यामुळे टेबलावर चौघांतल्या एकाने मिरी नाकारली तर वाद घालण्यात अर्थ नाही. रोटुंडोन गार हवेत जास्त तयार होते. म्हणून ऱ्होनच्या उत्तर भागातल्या वाइनमध्ये मिरी पुढे आणि फळ मागे असते, तर नाशिकला फळ पुढे आणि मिरी मागे. आंबटपणाही तिकडच्यापेक्षा कमी, तुरटपणा देणारे टॅनिन गोलसर. हा दोष मानायचे कारण नाही. दोष वेगळे आहेत: घड फार पिकू दिला तर वास मुरांब्याकडे जातो आणि अल्कोहोल घशाला जाणवते, पिंपाचा हव्यास केला तर व्हॅनिलाखाली फळ गुदमरते. कॅबर्नेची तऱ्हा उलटी. ते द्राक्ष घाईने तोडले की वाइनला कच्च्या ढोबळी मिरचीचा वास येतो, आणि भारतीय कॅबर्नेच्या बऱ्याच बाटल्यांत तो ओळखता येतो.

साध्या शिराझची मजा पहिल्या तीन-चार वर्षांत असते. रिझर्व्ह दर्जाची त्यापुढेही काही वर्षे टिकते. जुनी म्हणजे चांगली हा समज इथे लावू नये. त्यातून आपल्याकडे दुकानातल्या उघड्या फळीवर एप्रिल-मेचा उन्हाळा काढलेली बाटली वयापेक्षा लवकर म्हातारी होते. शक्य असेल तर वाइनरीतूनच घ्यावी, किंवा खप मोठा असलेल्या दुकानातून, लेबलवरचे साल पाहून. झाकण आट्यांचे असले म्हणून नाक मुरडू नये. उष्ण हवेत ते बुचापेक्षा भरवशाचे ठरते. रेड वाइन नेहमीच्या तापमानाला प्यावी हा नियम युरोपातल्या गार घरांचा, तिथे तो 16 ते 18 अंश भरतो. नाशिकच्या घरात मार्चमध्येच पारा तिशी ओलांडतो, आणि त्या तापमानाला शिराझमधून अल्कोहोलच वर येते. अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवून मग उघडावी.

आता जेवण. मांसाबरोबर रेड आणि माशाबरोबर व्हाइट एवढ्या नियमावर मराठी ताट बसत नाही, कारण आपल्या पदार्थाची चव मांस किंवा भाजीपेक्षा वाटणावर ठरते. पाहायचे ते हे की वाटणात भाजलेपण किती आणि मिरची किती. काळ्या मसाल्यात सुके खोबरे, कांदा, धने, दगडफूल, लवंग, दालचिनी, मिरी काळपट होईपर्यंत भाजतात. पिंपाचे लाकूड शेकताना जे वास तयार होतात त्यांच्याशी या भाजण्याचे जवळचे नाते आहे. अमेरिकन ओकमधून येणारा खोबऱ्याचा वास आणि वाटणातले भाजलेले खोबरे तर एकमेकांना लगेच ओळखतात. त्याउलट तिखटातला दाह आणि वाइनमधले अल्कोहोल एकमेकांना पेटवतात. तोंड भाजलेले असताना फळाची चव लागत नाही, उरतो तो तुरटपणा आणि जळजळ. म्हणून मसाला हवा तेवढा असावा, तिखट हात राखून असावे.

या कसोटीवर पहिला नंबर काळ्या मसाल्यातल्या मटणाचा. रश्श्यापेक्षा सुके मटण बरे. टॅनिन मांसातल्या प्रथिनांना आणि चरबीला धरते, लाळेला सोडते, आणि वाइन अचानक मऊ लागते. हाडालगतच्या चरबीच्या तुकड्याबरोबर दिंडोरीची शिराझ जेवढी खुलते तेवढी नुसती पिताना खुलत नाही. सोबत बाजरीची भाकरी असावी. बाजरीत स्वतःचा मातकट कडवटपणा आहे आणि तव्यावर, निखाऱ्यावर शेकल्याचा वास आहे. पोळी-पावापेक्षा ती वाइनला जास्त साथ देते. वर लोण्याचा गोळा असेल तर उत्तमच. मटण खिमा, कलेजी आणि मिरी घालून परतलेले कोरडे चिकनही याच रांगेत. कोल्हापुरी पद्धतीच्या जेवणातले सुके मटण चालते. तांबडा रस्सा वाइनला झोपवतो. पांढरा रस्सा सौम्य असला तरी त्याचा नारळी दुधाळपणा शिराझला मागे सारतो, त्याच्यासोबत शेनिन ब्लांकसारखी व्हाइट बरी.

मांस न खाणाऱ्याने रेड वाइनच्या वाटेला जाऊ नये असे नाही. खानदेशी वांग्याचे भरीत ही नाशिकच्या शिराझची मांसाविना सर्वांत चांगली जोडी. काट्यांवर किंवा निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचा धूर, भरपूर तेल, शेंगदाणे आणि कांद्याची पात यांना पिंपातल्या धुराची ओढ आहे. हिरवी मिरची तेवढी बेतात घालायला सांगावी; खानदेशी हात त्या बाबतीत सढळ असतो. भरली वांगी दाणे, तीळ, खोबरे आणि गोडा मसाला यांमुळे चांगली लागतात, मात्र चिंच-गूळ कमी हवा. मसूर, मटकीची उसळ, मशरूमची सुकी भाजी हेही जमते. शेवभाजीचे गणित तिच्या तर्रीवर अवलंबून आहे, आणि हॉटेलात तर्री आपल्या हातात नसते.

नाशिकला आलेला माणूस मिसळ खाणारच. ती सकाळी खावी आणि वाइनरीला जायच्या आधी पुरेसे पाणी प्यावे; झणझणीत रस्सा, फरसाण, कच्चा कांदा आणि वर पिळलेले लिंबू यांच्यापुढे कोणतीही रेड वाइन उभी राहत नाही. लिंबाचे वेगळे सांगायला हवे. शिराझचा आंबटपणा मुळात बेताचा, त्यामुळे पदार्थ तिच्याहून आंबट झाला की ती पचपचीत लागते. वाइन असताना ताटातली लिंबाची फोड बाजूलाच राहू द्यावी. चिंचेची आमटी, आमसुलाचे सार आणि कैरीचे लोणचे यांनाही हेच लागू. माशांशी तिचे वैर खरोखरचे आहे. 2009 साली जपानी संशोधकांनी दाखवले की रेड वाइनमधले लोह माशातल्या तेलाशी मिळून तोंडात उग्र हिमूस चव मागे ठेवते. बांगडा, तारली, सुरमई यांच्यासोबत तर ती फारच जाणवते. मालवणी कोंबडी-वडे मधल्या जागेवर आहेत. भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण शिराझला आवडते, पण मिरची कमी केलेली असावी.

टेस्टिंग रूममध्ये वाइनसोबत बहुधा चीज, पिझ्झा आणि पास्ता मिळतो. मुरवलेल्या, खारट चीजने शिराझचे टॅनिन गुळगुळीत होते, त्यामुळे ती जोडी बरोबर आहे. टोमॅटोच्या आंबट सॉसचा पास्ता तितकासा नाही. डार्क चॉकलेट आणि रेड वाइन ही जोडी फार गाजवली जाते. दोघांचा कडवटपणा एकत्र आल्यावर वाइन हरते, हे जरा लक्ष देऊन चाखणाऱ्याला कळेल. त्याऐवजी खारवलेले शेंगदाणे, काजू किंवा मिरी लावलेले भाजके मखाणे घ्यावेत. नाशिकचा चिवडा चुरचुरीत असला तरी तिखट आहे, तो घरी नेण्यासाठी विकत घ्यावा. गोडाच्या बाबतीत सूट नाही. वाइनपेक्षा पदार्थ गोड झाला की कोरडी रेड वाइन कडू आणि पाणचट लागते. पुरणाचे मांडे ही उत्तर महाराष्ट्राची शान आहे; ते दुधाबरोबर किंवा तुपाबरोबर खावेत आणि त्या जेवणाला बाटली उघडू नये.